वहीतला शेवटचा रकाना

बाईंनी पहिला कान उघडला तेव्हा त्यात काहीच नव्हतं.

कान म्हणजे हातभर लांबीची काळी नळी. ती साखळीने सिमेंटच्या ठोकळ्याला बांधून समुद्राच्या तळाशी सोडतात. ज्या माशांना आपण टिकटिक्या लावल्या आहेत ते जवळून गेले की नळी त्यांचा नंबर आणि वेळ टिपून ठेवते. माणसाला ती टिकटिक ऐकू येत नाही. माशांचा अभ्यास करायला आलेल्या रेबेकाबाईंनी हे पहिल्यांदा आमच्या मच्छीमार सोसायटीत समजावून सांगितलं तेव्हा गास्पार म्हणाला होता, "म्हणजे माझी सासू. भिंतीशी गप्प बसायचं आणि कोण केव्हा आलं ते सगळं लक्षात ठेवायचं." तेव्हापासून आमच्या गावात, सान एलियासमध्ये, सगळे तिला कानच म्हणतात, बाईसुद्धा.

त्या दिवशी आम्ही चार कान वर काढले. होडी माझी, दोर ओढणारा मी. बाई ताडपत्रीच्या सावलीत मांडीवर कॉम्प्युटर घेऊन बसल्या होत्या. चौदा महिने कान पाण्यात होते. त्यांच्यावर शेवाळ आणि बारीक शिंपले चढले होते, ते मी सुरीने खरवडून एकेक नळी त्यांच्या हातात देत होतो.

"एकच नोंद आहे," बाई म्हणाल्या. "कान टाकला त्या दिवशी मी स्वतः टिकटिकी पाण्यात धरून बघितली होती, ती. बाकी कोरं."

दुसरा कोरा. तिसरा कोरा. चौथा उघडण्याआधी त्या थांबल्या, पाणी प्यायल्या, टोपी काढून परत घातली. चौथाही कोरा.

माझ्या हाताने तेवीस मांजरींना टिकटिक्या लागल्या होत्या. मांजर म्हणजे मुशीच्याच, शार्कच्या जातीतली एक, तपकिरी, आळशी, तोंडाशी दोन मिशा. दिवसभर खडकाच्या कपारीत पडून राहते. बाजारात तिला कोणी विचारत नाही, पण हेकरूसाठी टाकलेल्या गळाला ती लागते आणि पूर्वी आम्ही तिला डोक्यात हाणून फेकून द्यायचो. बाई आल्यावर हाणणं बंद झालं. मी तिला होडीच्या कडेला धरायचो, पाठीवरच्या पराच्या बुडाशी काट्याने टिकटिकी टोचायचो, परात पिवळी नंबराची पट्टी अडकवायचो आणि सोडून द्यायचो. बाईंनी मला आणि गास्पारला शिकवलं होतं. रोज आमच्याबरोबर यायला त्यांच्याकडे दिवस नव्हते, म्हणून त्यांनी आम्हाला एकेक वही दिली होती. नंबर, तारीख, लांबी, नर की मादी, जागा, खोली, तळ. सात रकाने.

"फेर्मीन काका," बाई म्हणाल्या, "मी मारलं त्यांना."

"असं कसं म्हणता?"

"मांजर आपली कपार सोडत नाही. जिथे धरली तिथेच परत येते. तेवीसमधली एकसुद्धा चौदा महिन्यांत फिरकली नाही. म्हणजे काटा जिथे टोचला तिथे जखम सडली असणार. मला सगळे सांगत होते, लहान काटा घे. मी मोठा घेतला. गळून पडू नये म्हणून."

मी दोर गुंडाळत राहिलो. नीटच गुंडाळलेला दोर मी सोडला आणि पुन्हा गुंडाळला.

"समुद्र मोठा आहे, बाई," मी म्हणालो.

त्यांनी बाहीने डोळे पुसले. तोंडाला उन्हाचं मलम लावलेलं, ते डोळ्यांत गेलं आणि डोळे आणखी लाल झाले. होडी किनाऱ्याला लागली. उतरताना पिशवीतून एक वही काढली आणि माझ्या हातात दिली. माझ्या बायकोची, लिब्रादाची वही.

"ही तुमच्याकडे असू द्या. मी सगळं उतरवून घेतलंय. त्यांचं अक्षर आहे, घरातच राहायला हवं." मग म्हणाल्या, "शनिवारी सोसायटीत सांगते सगळ्यांना. हे काम थांबवायचं. बाकीच्या सात गावांनाही कळवते, नव्याने कोणाला टोचू नका म्हणून. आणि तुमच्या हाताचा यात काही दोष नाही, हेही सांगेन."

त्या चार कानांच्या चौकोनात एकही मांजर आली नाही, कारण तिथे मांजर कधी नव्हतीच. तिथे कपार नाही, खडकच नाही. चौदा महिने बाईंचे कान चिखलात उभे होते. होडीत आम्ही दोघं होतो आणि दोघांपैकी एकाला हे ठाऊक होतं.

आता हे कसं झालं ते सांगतो.

माझ्या आजोबांना एक जागा सापडली होती. समुद्रात बरंच बाहेर, सपाट गोल खडक, कडेला कपारी. आम्ही त्याला तवा म्हणतो. आजोबांनी तो फक्त माझ्या बापाला दाखवला, बापाने फक्त मला, तोही माझं लग्न झाल्यावर. आमच्या किनाऱ्याला डोंगर नाही, टेकडी नाही, तेवढं बाहेर गेल्यावर मागे वळून बघावं तर काहीच दिसत नाही. म्हणून तवा शिशाने शोधायचा. शिशाच्या जड गोळ्याला खालून खळगा असतो. त्यात साबण दाबून भरायचा आणि दोरीने गोळा तळाला टेकवायचा. वर काढला की साबणाला तळ चिकटून येतो. आधी पांढरी वाळू येते, मग गवताचे तुकडे, मग गुलाबी चुरा, शिंपल्यांचा आणि पोवळ्यांचा. गुलाबी चुरा आला, दोरी नऊ वाव, म्हणजे पन्नासेक फूट, गेली, की आपण तव्याच्या कडेला आहोत. आता माझ्याकडेही उपग्रहाचं यंत्र आहे, पण तव्याची जागा मी त्यात कधी साठवली नाही. यंत्र काय, कोणीही उघडून बघतं. होडीवरही मी एकटाच जातो. दुसरा माणूस नेला की तवा संपला.

आमच्याकडे जागा कोणी खरी सांगत नाही. रेडिओवर रोज सकाळी सगळे एकमेकांना विचारतात आणि सगळे खोटं बोलतात. पूर्वेला असलेला सांगतो पश्चिमेला आहे. होडी भरत आलेला सांगतो, अरे, आमटीपुरतंही नाही. कोणाला राग येत नाही. खरं सांगितलं तर उलट लोक विचारतील, याला ताप आलाय का?

मला लिहिता येतं, पण एक ओळ लिहायला मला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात लिब्रादा पान भरायची. ती सहावीपर्यंत शिकली होती. तिचा बापही समुद्रावरचाच. पहिली मांजर टोचून आलो त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही उघडून बसली. नंबर विचारला, लांबी विचारली. मग म्हणाली, "जागा?"

मी म्हणालो, "चिखलपट्टी."

चिखलपट्टी तव्यापासून नऊ मैल पश्चिमेला. तिथे राखाडी चिखल, दुसरं काही नाही. तिथले यंत्रावरचे आकडे गावात सगळ्यांना पाठ आहेत, कारण वादळात नांगर टाकायला सगळे तिथे जातात. माझ्या तोंडातून ते आकडे रेडिओवर येतात तसे आले. मी मुद्दाम विचार करून खोटं बोललो असतो तर कदाचित इतकं वाईट वाटलं नसतं. विचार केलाच नाही.

लिब्रादाने पेन उचलून माझ्याकडे बघितलं. "पट्टीवर? मांजर?"

"हो. पट्टीवर."

तिने लिहिलं. एकदा पट्टी म्हटल्यावर दुसऱ्या वेळी वेगळं काय सांगणार? दीड वर्षात तेवीस वेळा मी पट्टी सांगितली. ती कधीमधी चिडवायची. "कुठे जातोस रे तू? तिथे दुसरी बायको ठेवली आहेस का? माझ्यापेक्षा चांगला भात करते का ती?" मी हसायचो. तव्याचं नाव तिला माहीत होतं, जागा नव्हती. बापाने बजावलं होतं, बायकोलाही नाही.

मग कान आले. बाई म्हणाल्या, वहीप्रमाणे टाकू. मी त्यांना पट्टीवर घेऊन गेलो. तो खरं सांगायचा दिवस होता. बाईंनी पाण्यात वाकून बघितलं आणि विचारलं, "इथे कपारी कशा असतील, काका?" मी म्हणालो, "चिखलाखाली आहेत. पाणी गढूळ आहे, म्हणून दिसत नाहीत." त्यांनी विश्वास ठेवला. वही इतकी नीट होती, एकही खाडाखोड नाही. अशी वही बघितल्यावर कोणीही विश्वास ठेवेल.

तेव्हा लिब्रादा मेरिदा शहरातल्या दवाखान्यात होती. तिची किडनी गेली होती. मी एक दिवसाआड बसने जायचो. एकदा तिने विचारलं, "बाईंना सांगितलंस का?" मला वाटलं, ती आजारी आहे हे सांगितलं का असं विचारते. म्हटलं, "हो, त्यांना माहीत आहे. त्यांनी संत्री पाठवली आहेत." ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बरं." ऑक्टोबरात ती गेली. आता अकरा महिने झाले.

हे निमित्त म्हणून सांगत नाही. तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं हे खरं आहे. पण खोटं त्याच्या आधीचं आहे.

कान कोरे निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी तव्यावर गेलो. मासे धरायला गेलो नव्हतो. शिशात साबण भरला. हे काम लिब्रादाचं होतं. ती कपड्यांचा साबण कापून उन्हात मऊ करायची आणि अंगठ्याने खळग्यात असा बसवायची की दिवसभर हलायचा नाही. मी भरतो तो दुसऱ्या फेरीला निघून पडतो. तीनदा साबण गेला. चौथ्या वेळी गुलाबी चुरा आला.

तासाभरात मांजर लागली. कडेला ओढून घेतली तर परात पिवळी पट्टी. चारशे सतरा. दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात टोचलेली. पराच्या बुडाशी टिकटिकी जिथल्या तिथे होती, वर शेवाळ आलेलं. काट्याभोवतीची कातडी मी बोटाने दाबून बघितली. बंद झालेली, टणक, जुन्या जखमेसारखी. मांजर तर पहिल्यापेक्षा वीतभर वाढली होती. मी गळ काढला आणि तिला सोडली. ती घाई न करता खाली गेली.

म्हणजे त्या मेल्या नव्हत्या. मोठा काटा बरोबर होता. बाई बरोबर होत्या. हे जगात फक्त मला माहीत होतं आणि मी घरी येऊन मासा तळला आणि खाल्ला.

संध्याकाळी किनाऱ्यावर गास्पार भेटला. माझ्या मुलीचा तो धर्मपिता, पन्नास वर्षांची ओळख. जाळं शिवत बसला होता.

"काय रे खाटका," तो म्हणाला. "तेवीसच्या तेवीस? एक तरी शिल्लक ठेवायचीस."

बाजूचे दोघे हसले.

"लहान काट्याच्या माझ्या अकराच्या अकरा रोज तिकडच्या कानाशी हजेरी लावतात," गास्पार म्हणाला. "माझ्या पोरी आज्ञेतल्या. तुझा हातच जड. लिब्रादा म्हणायची, याने अंडं फोडलं की तवाही फुटतो."

तवा म्हटल्यावर मी त्याच्याकडे बघितलं. तो स्वयंपाकाच्या तव्याबद्दल बोलत होता. की नव्हता, कोण जाणे.

"बाई म्हणाल्या, माझ्या हाताचा दोष नाही," मी म्हणालो.

"म्हणणारच. चांगली बाई आहे. काल बर्फाच्या कारखान्यावर पायरीवर बसून रडत होती. माझी बायको जाऊन सूप देऊन आली." त्याने दोरा दाताने तोडला. "घेतलं नाही म्हणे तिने. आठ वर्षांचं काम आहे तिचं. आणि आता स्वतःच जाऊन सांगणार, मी माशांची मारेकरी."

मी घरी आलो. शुक्रवारी समुद्रावर गेलो नाही. मनात हिशेब चालला होता, आणि तो असा. मी बोललो तर तवा जाईल. ते एक. पण खरं सांगायचं तर तव्यापेक्षा वही जास्त आडवी येत होती. वहीत खोटं कोणाच्या अक्षरात होतं? लिब्रादाच्या. बाईंनी ती वही गावागावांत दाखवली होती, बघा, अशी लिहायची. मी उठून वही खोटी म्हणालो की लोक म्हणणार, फेर्मीनच्या बायकोने खोटं लिहिलं. ती तर उत्तर द्यायला नाही. असं मी स्वतःला सांगत होतो आणि मला ते पटतही होतं. मेलेल्या बायकोच्या पाठीमागे लपायला जागा चांगली असते.

दुपारी वही उघडली. तिचं अक्षर बघायला उघडली, दुसरं कारण नव्हतं. मी बोट ठेवून ठेवून वाचतो. नंबर, तारीख, लांबी. जागा: चिखलपट्टी. खोली: नऊ वाव. तळ.

तळाचा रकाना मी तिला कधी सांगितला नव्हता. तिने कधी विचारलाच नव्हता. मला वाटायचं, तो रिकामा असेल.

तिथे लिहिलं होतं: गुलाबी चुरा, शिंपला आणि पोवळं.

खालच्या ओळीत: गुलाबी चुरा. त्याच्या खाली: गुलाबी चुरा, जाडसर. मी बोट खाली खाली नेत गेलो. तेवीस ओळींत तेवीस वेळा.

मी घरी आल्यावर शिसं बादलीत टाकायचो. ती ते धुवायची आणि दुसऱ्या दिवसासाठी साबण भरायची. धुण्याआधी साबणाला काय चिकटलंय ते बघून लिहीत होती. मी सांगितलेलं सहाव्या रकान्यापर्यंत, आणि तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं सातव्यात. चिखलपट्टीवर गुलाबी चुरा नाही हे सान एलियासमधलं शेंबडं पोरही सांगेल. आणि ती तर समुद्रावरच्या माणसाची मुलगी. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझं खोटं आणि तिचं खरं एकाच ओळीत शेजारी शेजारी ठेवून ती दीड वर्ष माझ्यासमोर बसली आणि काही बोलली नाही. दवाखान्यात एकदा बोलली. मी संत्र्यांचं सांगितलं.

तिच्यासमोर बसल्यावर वाटली असती तेवढी लाज वाटली. ती समोर असती तर निदान शिव्या तरी दिल्या असत्या.

मग वही घेतली, बादलीतून शिसं घेतलं. कालचा साबण त्यात अजून होता. बर्फाच्या कारखान्याच्या वर बाईंची खोली आहे, तिथे गेलो.

बाई कॉम्प्युटरवर लिहीत होत्या. "बसा, काका," म्हणाल्या. मी बसलो नाही. शिसं त्यांच्या कागदांवर ठेवलं, साबणाची बाजू वर करून.

"हे जिथलं आहे तिथे तुमच्या मांजरी आहेत," मी म्हणालो. "काल मी चारशे सतरा हातात धरली. जखम भरली आहे. वीतभर वाढली आहे. पट्टीवर मी एकही टोचली नाही. जागा मी खोटी सांगितली. तेवीसच्या तेवीस."

त्यांनी शिशाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "जिवंत आहे?"

"जिवंत आहे."

"नक्की चारशे सतरा?"

"हो. मादी."

त्या उठल्या आणि खिडकीशी गेल्या. माझ्याकडे पाठ होती. खाली बर्फ फोडायचं यंत्र चाललं होतं, ते थांबलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चौदा महिने, काका. परवा होडीत मी तुमच्यासमोर बसले होते. मी काय बोलले ते तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं."

"आणि दोर गुंडाळत होतात."

"हो."

"का?"

"सवय," मी म्हणालो. "पहिल्या दिवशी सवयीने. नंतर लाजेने."

मग मी वही उघडली आणि सातव्या रकान्यावर बोट ठेवलं. "हा रकाना मात्र खरा आहे. हा मी सांगितलेला नाही. हा तिचा आहे. कोणी विचारलं तर हे सांगा."

बाईंनी एकेक ओळ वाचली. वाचता वाचता त्या खाली बसल्या. "हा मी उतरवलाच नाही," त्या हळू म्हणाल्या. "सहा रकाने उतरवले. मला वाटलं, घरात बसणाऱ्या बाईला तळाचं काय कळणार, काहीतरी लिहिलं असेल." त्यांनी वही मिटली. "मी हा वाचला असता तर कान तिथे टाकलेच नसते."

मला जरा बरं वाटलं, चूक त्यांचीही होती म्हणून. लगेच ते बरं वाटल्याचीही लाज वाटली.

"उद्या मी सांगेन सोसायटीत," मी म्हणालो. "तुम्ही काही बोलू नका."

"तुमच्या वतीने मी बोलणारच नव्हते," त्या म्हणाल्या. "जा आता, काका. मला तुमच्याकडे बघवत नाही."

शनिवारी सोसायटीत तीस-पस्तीस माणसं होती. मी उभा राहिलो. मला वाटलं होतं, लोक गप्प होतील, कोणी थुंकेल, कोणी म्हणेल, आठ वर्षं ही बाई आपल्यासाठी राबते आणि तू. त्या सगळ्याची मी तयारी केली होती. मी सांगितलं. जागा खोटी दिली, बाईंचे कान चिखलात उभे राहिले, मांजरी जिवंत आहेत, त्यांचं काम बरोबर आहे, माझं तोंड खोटं आहे.

मग मागून कोणीतरी फिसकन हसलं आणि सगळी सोसायटी हसायला लागली.

"शाब्बास रे म्हाताऱ्या! शास्त्रज्ञालाही गंडवलं!"

"अरे, सरकारच्या उपग्रहालाही पट्टीवर बसवून ठेवलं!"

"त्याचा आजा असाच होता. मरताना पाद्र्यालाही खोटी जागा सांगितली असेल!"

कोणी पाठ थोपटली. कोणी खुर्ची पुढे केली. गास्पार डोळे पुसत होता, हसून हसून. "आणि मी तुला खाटीक म्हणालो!" तो म्हणाला. "माफ कर गड्या. हात हलकाच आहे तुझा. जीभ जड!"

मी बाईंकडे बघितलं. त्या भिंतीशी उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या. इतक्या लोकांत आम्ही दोघंच हसत नव्हतो, आणि मी तिथे त्यांच्या बाजूला उभा राहू शकत नव्हतो. मला लोकांवर ओरडायचं होतं, पण काय म्हणून ओरडणार? ते मला माफ करत होते. मी मागितली नव्हती ती माफी मला देत होते, आणि जिच्याकडे मागायची तिला कोणी विचारत नव्हतं.

"लिब्रादाला माहीत होतं," मी मोठ्याने म्हणालो. "तिने वहीत खरं लिहिलंय. तळाच्या रकान्यात."

हसणं कमी झालं. गास्पारने मान खाली घातली. "ती वेगळीच होती," तो म्हणाला.

रविवारी सकाळी मी बाईंना तव्यावर घेऊन गेलो. त्यांनी साधं "निघू या" म्हटलं आणि पुढे जाऊन बसल्या. तासाभराने मी मागे बघितलं तर एक होडी होती. तिच्या बाजूला आणखी एक. पुढची गास्पारची, ते निळं छत मी कुठेही ओळखेन. बाईंनीही बघितलं.

"तुम्हाला दिशा बदलायची असेल तर," त्या म्हणाल्या, "उद्या येऊ."

"नको," मी म्हणालो. "उद्या मी पुन्हा बदलेन."

शिसं टाकलं. पांढरी वाळू. पुन्हा टाकलं, गवत. साबण दोनदा पडला. तिसऱ्यांदा गुलाबी चुरा आला तेव्हा तो गोळा मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठ्याने थोडा चुरा काढला आणि हातावर घेऊन बघत राहिल्या. मग हातात धरायचा छोटा कान पाण्यात सोडला, तो वायरीने पेटीला जोडलेला असतो आणि नंबर लगेच पेटीवर दाखवतो. पेटीकडे बघत बसलो. मागच्या होड्या थांबल्या होत्या, इंजिन बंद करून.

पेटीवर नंबर आला. मग दुसरा. मग चारशे सतरा.

दुपारपर्यंत सतरा झाले. दहाव्याला बाई मोठ्याने हसल्या, लहान मुलीसारख्या, आणि माझ्याकडे वळल्या. माझं तोंड दिसल्यावर त्यांना सगळं आठवलं असावं. हसू थांबलं. त्या परत पेटीकडे वळल्या. तेवढं मी बघितलं. कोणी मला विचारलं, तुला शिक्षा काय झाली, तर मी तेवढंच सांगेन.

परत येताना गास्पारच्या होडीजवळून गेलो. त्याने हात वर केला नाही. टोपी काढली. पुढच्या आठवड्यात तव्यावर चार होड्या होत्या, आता कधी सहा असतात. त्यांतल्या काही जणांना बाईंनी टिकटिक्या दिल्या आहेत. आजोबा असते तर त्यांनी मला समुद्रात बुडवलं असतं.

त्या रविवारी धक्क्यावर उतरल्यावर बाईंनी पिशवीतून कोरी वही काढली आणि माझ्यासमोर धरली.

"तुम्ही भरा," म्हणाल्या. "तुमच्या हाताने."

मी धक्क्यावरच, माशांच्या पेटीवर वही ठेवून बसलो. तारीख लिहिली. जागेच्या रकान्यात तव्याचे आकडे लिहिले, आमच्या घराण्यात पहिल्यांदा कोणी कागदावर लिहिले ते. नऊ वाव लिहिलं. मग शिसं घेतलं, साबणातला चुरा नखाने काढून बघितला आणि शेवटच्या रकान्यात एकेक अक्षर काढायला लागलो. माझं अक्षर वाईट आहे, ओळीत बसत नाही. खूप वेळ लागला. बाई जवळच उभ्या होत्या. त्यांनी मदत केली नाही आणि मी मागितली नाही.